पोत्यातली पुस्तकं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कोणी भाकरी थापत ऐकत असाल, कोणी गोठ्यात असाल. हातातलं काम चालू ठेवा, मला काही वाटायचं नाही. मी पण तुमच्यासारखीच. माण तालुक्यात आमचं गाव आहे, दोन एकर जिराईत आणि चार शेळ्या. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. आणि मी लिहिते.

हे शेवटचं वाक्य बोलायला मला बरीच वर्षं लागली. तुमच्यातही लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. कोणाची ओव्यांची वही असेल, कोणी पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर आठवणी लिहिल्या असतील. त्या वहीतलं लिहिलेलं लोकांपर्यंत कसं जातं आणि वाटेत काय काय आडवं येतं, ते आज बोलायचं आहे. सुरुवात माझ्या फजितीपासूनच करते.

2013 साली आमच्याकडं मोठा दुष्काळ होता. जनावरं घेऊन आम्ही चारा छावणीत राहिलो. ताडपत्रीखाली चूल, शेजारी गाय, रात्री टँकरची वाट. तिथं मी बायकांचं बोलणं लिहून ठेवायला लागले. पुढं त्याच्या बावीस आठवणी झाल्या. एका शहरातल्या प्रकाशकाला पाठवल्या. चार दिवसांत फोन आला, "ताई, फार छान लिहिलंय, छापूया. चोवीस हजार भरा. जाहिरात, विक्री सगळं आम्ही बघतो."

मी हरखून गेले. गटाकडून वीस हजार कर्ज उचललं, एक शेळी विकून चार हजार घातले. दोन महिन्यांनी टेम्पोवाल्यानं दारात दोन पोती टाकली. तीनशे पुस्तकं! त्यानंतर प्रकाशकाचा फोन कधी लागला नाही. पोती ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "उंदरांची सोय झाली." मला राग आला, पण खोटं काय बोलल्या? सहा महिन्यांत नऊ पुस्तकं गेली, ती पण पाहुण्यांना फुकट. हप्ता मात्र दर महिन्याला येत होता.

तिसरा हप्ता थकला तेव्हा गटाच्या अध्यक्ष आक्का घरी आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "पुस्तक काढलंस, पण आम्हाला कधी वाचून दाखवलंस का? पुढच्या मीटिंगला घेऊन ये."

मीटिंगला हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि मी छावणीत गाय व्याली त्या रात्रीची आठवण वाचली. आवाज कापत होता. संपल्यावर सगळ्या गप्प. मग कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "गाय माझी होती. पण तू खोटं लिहिलंस. कालवड नव्हती झाली, खोंड होता." सगळ्या हसल्या आणि मग जी ती आपली छावणी सांगायला लागली. उठायला अंधार पडला. त्या दिवशी अकरा पुस्तकं गेली. किंमत ऐंशी रुपये, वीस-वीसच्या चार हप्त्यांत!

त्या दिवशी मला उमगलं की पुस्तक मी छापून घेतलं होतं, पण वाचक जमवलेच नव्हते. वाचक बचतीसारखे जमतात. महिन्याला शंभर रुपये टाकताना कोणाला वाटत नाही की यातून काही उभं राहील. पण नेमानं टाकत राहिलं की दोन वर्षांनी त्यातूनच म्हैस येते. वाचकांचंही तसंच आहे. आज पाच, पुढच्या महिन्याला आठ. त्यांना आपलं नाव आणि आपला आवाज ओळखीचा झाला की पुस्तक पोत्यात राहत नाही.

आता वाटेतल्या अडचणी एकेक घेऊ.

पहिली अडचण आपल्याच मनातली. "मी कोण लिहिणारी? माझी शाळा ती किती!" मैत्रिणींनो, खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचायच्या आणि घरातली माणसं, मुलगा सोपानदेव, ती उतरवून घ्यायची. 1951 साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. सगळ्या महाराष्ट्राला ती गाणी ठाऊक झाली, पण बहिणाबाईंनी आपलं पुस्तक बघितलं नाही. हे आठवलं की मला वाटतं, एखाद्या घरात गाणी रचणारी आजी असेल तर तिचं आजच उतरवून घ्यावं. फोनवर आवाज भरून ठेवला तरी चालेल.

आणि भाषेची लाज नको. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या घरच्या बोलीत आहेत. आपण माणदेशी बोलतो, तर माणदेशीच लिहू. छावणीतली बाई पुस्तकी बोलायला लागली तर ऐकणाऱ्या मावशी लगेच ओळखतात.

दुसरी अडचण वेळेची आणि घराची. आमच्या शेजारच्या फलटणला बेबीताई कांबळे राहायच्या. त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहायच्या आणि कागद घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. असं लपवण्यात कितीतरी वर्षं गेली. पुढं फलटणमध्ये काम करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं आणि त्यांनी छापायचा आग्रह धरला. 1982 साली ते 'स्त्री' मासिकात क्रमाक्रमानं आलं आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. पुढं त्याचं इंग्रजीही झालं.

यात क्रम बघा. आधी एक विश्वासाचं माणूस, मग मासिक, मग पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'सुद्धा आधी नियतकालिकातून क्रमशः आली होती. आपणही हाच क्रम धरावा. मी थेट पुस्तकावर उडी मारली आणि दोन पोती पदरात पडली.

वेळ कोणी काढून देत नाही. मी आता डेअरीत दूध घालायला जाते तेव्हा रांगेत वीस मिनिटं मिळतात. खिशाएवढी वही जवळ असते. आठवड्याला दोन पानं झाली तरी वर्षाला शंभर होतात.

तिसरी अडचण, लोक काय म्हणतील. म्हणतातच. आमच्या मालकांना पारावर कोणीतरी म्हणालं, "वैनी आता घरातलं पण छापणार का?" दोन दिवस घरात अबोला. मग मी त्यांनाच जवळ बसवून पुस्तक वाचून दाखवलं. त्यांच्या आईनं छावणीत दागिना मोडून कडबा घेतला होता, ते त्यात आहे. ऐकून ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या बाजाराला पुस्तकांची पिशवी त्यांनीच गाडीला अडकवली.

इथं माझी एक चूक कबूल करते. एका बाईचं खरं नाव मी तिला न विचारता छापलं. नवऱ्याच्या दारूपायी तिला छावणीत काय सोसावं लागलं, ते मी लिहिलं होतं. ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तिचंच बरोबर होतं. मी घरी जाऊन माफी मागितली, पण छापलेलं नाव काही पुसता आलं नाही. म्हणून सांगते, दुसरीचं दुःख लिहिताना तिला आधी विचारा. ती नको म्हणाली तर लिहू नका. हो म्हणाली तरी नाव, गाव बदला. ज्यांच्याबद्दल लिहितो त्याच आपल्या पहिल्या वाचक असतात.

चौथी अडचण, फसवणूक. माझ्या चोवीस हजारांत तीन हजार आयएसबीएन क्रमांकाचे लावले होते. पुस्तकावर मागं तो लांबलचक आकडा असतो ना, तो. पुढं तालुक्याच्या ग्रंथालयात कळलं की आपल्या देशात तो क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो! म्हणून पैसे द्यायच्या आधी लेखी घ्या. प्रती किती, कागद कोणता, विकणार कोण, हिशेब कधी देणार आणि उरलेल्या प्रती कोणाच्या. कर्जाचा कागद आपण चारचौघींत वाचून सही करतो, तसाच हाही कागद वाचा. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची आधी चौकशी करा. मला ती ठाऊक असती तर माझी शेळी आज दारात असती.

पाचवी अडचण फोनची. माझी टँकरवरची कविता मी व्हॉट्सॲपवर टाकली. महिन्याभरात ती फिरून माझ्याच नणंदेकडून मला आली, खाली दुसऱ्याच कोणाचं नाव! मी रडले. आता काय करते ते सांगते. कवितेच्या खाली नाव आणि गाव लिहितेच, शिवाय एखादी कविता माझ्याच आवाजात भरून पाठवते. आवाजाच्या सुरुवातीला नाव आणि शेवटाला पण नाव. ते पण कोणी कापू शकतं, पण कष्ट पडतात. मूळ वही तारीख घालून जपून ठेवते. आणि एक लक्षात ठेवा, आपण लिहिलं की त्याचा हक्क कायद्यानं आपलाच असतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. आपलं लेखन दुसऱ्याच्या नावावर दिसलं तर गप्प बसू नका, तिथंच लिहा, "हे माझं आहे."

पण फोनवरचे अंगठे म्हणजे वाचक समजू नका. माझ्या एका कवितेला दोनशे अंगठे आले होते, पुस्तक त्यातल्या एकानंही घेतलं नाही. समोर बसून ऐकलेल्या अकराजणींनी घेतलं. फोन वापरा, पण हळदीकुंकू, भिशी, शाळेतला कार्यक्रम, गावचं वाचनालय आणि हा आपला रेडिओ सोडू नका. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका, बऱ्याच अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. एक परत आलं तर दुसरीकडं पाठवा. माझी चार परत आली, पाचवं छापलं.

आता पोत्यांचं काय झालं ते सांगते. तीन वर्षांत दोनशे बावन्न पुस्तकं विकली. वीस हजारांचं मुद्दल निघालं. व्याज आणि शेळी गेली ती गेलीच. बाकीची ग्रंथालयांना, शाळांना, छावणीतल्या बायकांना दिली. माझ्याकडं चारच प्रती उरल्यात. दुसरी वही भरत आलीय, पण छापायची घाई नाही. दर महिन्याला गटात एक तुकडा वाचते. मावशी चुका काढतात. आता शेजारच्या दोन गावांतले गट पण बोलावतात. कोण घेणार ते आता तोंडानं सांगता येतं, अमकी, तमकी, शंभरजणी. तेवढी नावं जमली की मगच छापायचं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या मीटिंगला हप्ते झाल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. वहीतलं एकच पान वाचा. वाचण्याआधी आपलं नाव मोठ्यानं सांगा. आवाज कापेल, कापू दे. आणि कोणी म्हणालं, "अगं, कालवड नव्हती, खोंड होता," तर वाईट वाटून घेऊ नका. तिनं मन लावून ऐकलंय. तुमची पहिली वाचक तीच.

येते मी. दूध काढायची वेळ झाली. नमस्कार.