नोकरी सोडण्याआधी हिशेब मांडा
(तरुण कामगारांपुढे दिलेले भाषण)



'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं आपले वाडवडील म्हणत. आजही कारखान्यातल्या पुष्कळ तरुणांच्या मनात येतं, दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस राबायचं? आपलं स्वतःचं दुकान काढू. विचार चांगला आहे. पण नोकरी सुटली म्हणजे नुसता पगार सुटत नाही. त्याच्याबरोबर आणखी काही सुटतं. ते काय, हे आज पाहू.

समजा, २५ वर्षांचा एक तरुण कारखान्यात वेल्डिंगचं काम करतो. नोकरीला ४ वर्षं झाली. महिन्याचा पगार १५,००० रुपये. त्याला वेल्डिंगचं दुकान काढायचं आहे. त्याच्या पगारातून फंडासाठी, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीसाठी, १,८०० रुपये कापतात. मालकही तेवढेच भरतो. कामगार विम्यासाठी, म्हणजे ई. एस. आय. साठी, कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे जातात. बेरीज करा. मालक पगारावर आणखी २,२८७ रुपये ५० पैसे भरतो. हे पैसे हातात येत नाहीत, म्हणून ते कुणी मोजत नाही.

धंद्यात मालक कोण? आपणच! मग मालकाचा वाटाही आपणच भरायचा. खर्च वजा जाता दुकानात १५,००० रुपये सुटले, तर जुना पगार सुटला असं समजू नका. १७,२८७ रुपये ५० पैसे सुटतील, तेव्हा कुठे बरोबरी होईल.

आता फंडाचं काय होतं? काम सोडलं म्हणून साठलेला पैसा बुडत नाही. तो तुमचाच आहे. मात्र एकट्या दुकानदाराला त्या खात्यात पुढे भर घालता येत नाही. पुष्कळ जण दुकानासाठी सगळा फंड काढतात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. मालकाच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात. हे पेन्शन मिळायला १० वर्षांची नोकरी लागते. आपल्या तरुणाची ४ झाली आहेत. ती रक्कम काढून घेतली, तर ती ४ वर्षं पुसली जातात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागून घेता येतं. उद्या पुन्हा नोकरी धरली, तर जुनी ४ वर्षं तिच्यात मिळवली जातात. कागद लहान, पण मोलाचा. जपून ठेवा.

ई. एस. आय. चा दवाखाना त्याच दिवशी बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. ती मुदत संपली की घरच्या माणसांचं औषधपाणी आपल्या खिशातून. नोकरीत आजारपणाच्या दिवसांत पगाराचे ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दुकानात आपण निजलो, की गल्लाही निजला!

मग घाबरून नोकरीलाच चिकटून राहायचं का? मुळीच नाही. सोय करूनच निघायचं. बँकेत खातं असेल, तर वर्षाला २० रुपयांत सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू आला, तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचं बिल मात्र त्यातून मिळत नाही. वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती विमा मिळतो. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, तरी घरच्यांना २ लाख मिळतात. मात्र पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघातच धरतात. म्हातारपणासाठी अटल पेन्शन आहे. २५ व्या वर्षी सुरुवात केली, तर महिना ३७६ रुपये भरून ६० व्या वर्षापासून महिना ५,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्याला मात्र या योजनेत जाता येत नाही. ही पेन्शन ४० वर्षांपर्यंतच सुरू करता येते. उशीर केला, की हप्ता वाढतो.

शेवटचं सांगतो. नोकरीत दोघांचा वाटा मिळून महिना ४,२०० रुपये बाजूला पडत होते. महिन्याचे २६ दिवस काम धरलं, तर रोजचे सुमारे १६२ रुपये झाले. गिऱ्हाइकाला कामाचा दर सांगताना हे १६२ रुपये त्यात धरा. संध्याकाळी गल्ल्यातून पहिले तेवढेच काढा, वेगळे ठेवा आणि बँकेत भरा. उरलेल्यातून घर चालवा.

थेंबे थेंबे तळे साचे. नोकरीत ते तळं दुसरा भरत होता. आता तुम्ही भरा. तुमच्या दुकानाला बरकत येवो!