एकाच वाद्याचे अनेक आवाज



मिरजेच्या सतारींची आणि तंबोऱ्यांची कीर्ती आपणांस ठाऊकच आहे. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. आमच्या बोरगावाहून मिरज काही फार दूर नाही. त्यामुळे चांगल्या वाद्याला चांगले मोल पडते, ही गोष्ट इकडच्या माणसाला नवी नाही. भोपळा निवडण्यात आणि जवारी काढण्यात कारागिराचे कसब कसे पणाला लागते, हे तो जाणतो. परंतु आज ज्या वाद्याविषयी मी बोलणार आहे, त्याला बहुधा भोपळाही नसतो आणि पोकळीही नसते. तरीही त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. ते वाद्य म्हणजे विजेवरची गिटार.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मध्यंतरी मला म्हणाले, “सर, पोरगं दोन लाखांची गिटार मागतंय. तेवढ्यात दोन दुभत्या म्हशी येतील. त्या लाकडात असं हाय तरी काय?” ऊस आणि तंबाखू पिकवून चार पैसे गाठीशी बांधणाऱ्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

खरे पाहता, नवल लाकडात थोडे आणि तारांखाली अधिक. तेथे चुंबके बसविलेली असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. तोच वाढवून आपल्याला ऐकविला जातो. फॅरडेने १८३१ साली शोधलेला नियम तो हाच. या योजनेला वादक ‘पिकअप’ म्हणतात. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज ब्यूचँप याने अशी गिटार सिद्ध केली आणि १९५४ साली लिओ फेंडरच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’वर असे तीन पिकअप आले.

तीन कशासाठी? सतारीवर घोडीजवळ नखी मारली तर स्वर धारदार निघतो, दूर मारली तर गोल. त्याचप्रमाणे गिटारीच्या घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण आवाज पकडतो, मानेजवळचा मऊ आणि भरदार. पुढे १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची नकोशी गुणगुण घालविली. त्याबरोबर आवाजालाही भारदस्तपणा आला. आजच्या अनेक भारी गिटारींत ही वेटोळी एका खटक्यासरशी एकत्र किंवा वेगळी करता येतात. शिवाय पडदे बिनचूक बसविलेले असतात आणि खुंट्या भर कार्यक्रमात दगा देत नाहीत. पैसा जातो तो येथे.

ही बहुरूपता केवळ हौसेची नव्हे. आमच्या सीमाभागातील ऑर्केस्ट्राच्या वादकाला एकाच रात्री मराठी भावगीत, कन्नड चित्रपटगीत, गझल आणि लावणी यांना साथ करावी लागते. मध्येच वाद्य बदलण्यास उसंत कोठली?

तथापि वाद्याने सारेच साधते असे नाही. लखनौहून मुंबईस आलेले व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या सुरावटी अशा वाजविल्या, की शब्दांवाचून गाणे ओळखू यावे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटातील गाजलेल्या गीताची गिटार वाजविणारे भूपिंदर सिंग स्वतः उत्तम गायक होते. गळ्याला जे कळले होते, तेच बोटांत उतरले.

म्हणून पालकांना माझे सांगणे एवढेच : मुलाचा हात आधी साध्या गिटारीवर बसू द्या. मात्र ‘अमुक गाण्यात मला अमुक स्वर हवा आहे आणि तो या वाद्यातून निघत नाही,’ असे ज्या दिवशी तो नेमके सांगेल, त्या दिवशी हात आखडता घेऊ नका. मग ती चैन राहत नाही, ते अवजार ठरते. आणि चांगल्या अवजाराची किंमत शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

खटका आवाज बदलून देतो. तो केव्हा बदलावा, हे सांगत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या जिभेवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा असतात. पण कोणापाशी कोणती बोलावी, हे जाणण्यातच खरे शहाणपण असते. अनेक आवाजांच्या वाद्याचेही तसेच आहे.