दिल्लीकडे बोट दाखवण्यापूर्वी



संघराज्यात राज्याच्या मुख्यमंत्र्याने आणि मंत्र्यांनी काय करावयाचे, हा आजचा विषय. आम्ही कामगार संघटनेची माणसे. राज्यघटना शिकलो ती निवेदने घेऊन सरकारी जिने चढताना. तेथे एक उत्तर हमखास मिळते: “हे दिल्लीच्या हातात आहे.”

कधी ते खरे असते. कर्जतची लोकल वाढवणे मुख्यमंत्र्यांच्या हाती नाही. रेल्वे केंद्रसूचीत आहे. परंतु जमीन, शेती, पोलीस राज्यसूचीत आहेत, आणि कामगारांचा विषय समवर्ती सूचीत. म्हणजे त्यावर दोघांनाही कायदा करता येतो.

करावयाचे ठरवले तर राज्य काय करते, ते पाहा. गावच्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यावे, ही वि. स. पागे यांची कल्पना. तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारने ती राज्यभर नेली. पैसा कोठून आणावा? दिल्ली देईल तेव्हा पाहू, असे म्हटले नाही. १९७५ साली व्यवसायकर बसवला आणि तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची ठरवले. आपल्यापैकी जे मुंबईला नोकरीस जातात, त्यांच्या पगारातून कापला जातो तोच हा कर. २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अमलात आला. संसदेने असा कायदा केला तो २००५ साली. म्हणजे राज्य पुढे, दिल्ली मागून!

आता आपल्या दाराशी या. कर्जत-खालापूरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात. उचल फिटत नाही, आणि पोरांची शाळा सुटते. वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा संसदेचा खरा; पण त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि दक्षता समित्या नेमावयाच्या त्या राज्याने. कायदा दिल्लीचा असला तरी हात राज्याचाच लागतो.

म्हणून मंत्रिमहाशय दिल्लीकडे बोट दाखवतील तेव्हा त्यांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा. विषय कोणत्या सूचीतला? त्यासाठी आपण पैसा किती काढला? आणि आपला अधिकारी भट्टीवर कधी गेला होता? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.