आमच्या वतीने माफी मागू नका



ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी संमेलनात सकाळच्या सत्रात वेताळावरून, म्हणजे कॉमिकमधल्या फॅंटमवरून, भांडण झालं. एका गृहस्थांचा वेताळ लहानपणी वाचलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला, समोरच्या ताईंचा इथल्या न्यूजएजन्सीत मिळणाऱ्या फ्रू प्रकाशनाच्या अंकांतला, आणि तिसऱ्याच्या हातात १९७२ सालची फॅंटमची कादंबरी. ‘हा माझा वेताळ नाहीच’ असं तिघेही म्हणत होते, आवाज चढले होते. दुपारी संयोजकांनी माइकवरून झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. अध्यक्ष या नात्याने ती दिलगिरी मी मागे घेतो. दिवसभरात या सभागृहात साहित्याविषयी जे काही झालं, त्यातलं सर्वांत जिवंत तेच होतं. बाकी वेळ आपण एकमेकांना शाली घालत होतो.

काहींचं म्हणणं असं पडलं की संमेलनाच्या मंचावर कॉमिक आणि कॉमिकवर बेतलेल्या कादंबऱ्या कशाला. त्यांना मी विचारतो, तुमच्या घरातल्या किती मुलांनी या देशात पहिली मराठी गोष्ट एखाद्या पात्राच्या प्रेमाखेरीज दुसऱ्या कशासाठी वाचली? भाषेच्या प्रेमाने मूल पुस्तक उघडत नाही. पुढे त्या माणसाचं काय झालं हे कळावं म्हणून उघडतं. ज्याला पात्राचा लळा लागला, त्याला ते पात्र दुसऱ्याच्या हातात बिघडलेलं दिसलं की राग येतो. त्या रागाला बालिश म्हणणाऱ्यांनी कर्णाकडे पाहावं. १९६७ साली शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ आला, त्याच साली इरावती कर्व्यांची ‘युगान्त’ आली. एका पुस्तकातला कर्ण सूर्यासारखा तळपतो, दुसऱ्यातल्या कर्णाला बाईंनी कसलीही सूट दिलेली नाही. आनंद साधल्यांनीही कर्णाच्या उदात्तीकरणावर कोरडे ओढले. मराठी वाचक आजही त्या कर्णावरून भांडतो. त्या भांडणाला समीक्षा म्हणायचं आणि वेताळाच्या भांडणाला पोरखेळ, हा भेद मला मान्य नाही.

आता वेताळाकडे येतो, कारण तो ऑस्ट्रेलियाचाही आहे आणि आपलाही. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ च्या फेब्रुवारीत फॅंटम सुरू केला. त्याच वर्षी तो ‘ऑस्ट्रेलियन वुमन्स मिरर’ या इथल्या साप्ताहिकात आला, आणि १९४८ पासून सिडनीच्या फ्रू पब्लिकेशन्सने त्याचे स्वतंत्र अंक काढले. ते आजतागायत निघतात. अमेरिकेत त्याला विसरलेले लोक पुष्कळ सापडतील. इथे मात्र सिडनीच्या ईस्टर शोच्या जत्रेत त्याची शोबॅग, म्हणजे खाऊ-खेळण्यांची पिशवी, विकली जाते. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. मराठी अंकांत फॅंटमचा वेताळ झाला आणि एका झटक्यात तो आपल्या गावच्या वेशीवरचा झाला. ज्याने हे नाव दिलं त्याने पात्रात भर घातली, त्याचं मी कौतुक करतो.

पण त्याच इंद्रजालमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि आजचं माझं भांडण तिच्याशी आहे.

फॉकच्या पहिल्याच कथेचं नाव ‘द सिंग ब्रदरहुड’. १५३६ साली समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात, सगळे मारले जातात, एक तरुण किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. तिथून फॅंटमचा वंश सुरू होतो. ते चाचे सिंग. त्यांच्या म्होरक्याचं नाव कबाई सिंग. ज्या मुलखात हे घडतं त्याचं नाव सुरुवातीला बंगालवरून घेतलेलं, पुढच्या काळात तो मुलूख सरकत सरकत आफ्रिकेत गेला. आजच्या, म्हणजे एकविसाव्या, वेताळाच्या बापाला मारणारा रामा. म्हणजे नायक गोरा, त्याच्या शब्दावर चालणारं जंगल काळ्या-सावळ्या माणसांचं, आणि खलनायकांची नावं तुमच्या-माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची. भारतातल्या अंकांत बंगालचं डेंकाली झालं, सिंगचं सिंगा झालं, रामाचा रामालू झाला. वाचकांच्या भावना दुखावू नयेत, एवढाच हेतू. हेतूबद्दल मला शंका नाही. परिणामाबद्दल बोलतो.

परिणाम असा की आपल्या दोन पिढ्या वेताळाच्या बाजूने लढल्या आणि समोर कोण उभं केलंय हे त्यांना कधी कळलंच नाही. सोलापूरच्या, बेळगावच्या, दादरच्या पोरांनी चाच्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. ते चाचे आपल्याच नावाचे आहेत हे कळलं असतं तर काही जणांनी अंक भिंतीवर फेकला असता. काही जणांनी वेताळावर तरीही प्रेम केलं असतं, पण ते डोळे उघडे ठेवून केलेलं प्रेम झालं असतं. एखाद्या मुलीने बापाला विचारलं असतं की गोष्ट आपल्या समुद्रावरची असून नायक गोराच का? हे तिन्ही आपल्याकडून काढून घेतले गेले. तीन-चार अक्षरं बदलून एका अख्ख्या वाचकवर्गाचा राग विझवला गेला, आणि ज्याच्यावर तो राग यायला हवा होता, तो साम्राज्याच्या काळातला साचा जसाच्या तसा आपल्या उशाखाली राहिला.

म्हणूनच पुण्याहून इथे आलेला माणूस पॅरामाटाच्या दुकानात फ्रूचा अंक उघडतो तेव्हा त्याला धक्का बसतो. फ्रूच्या अंकांत ‘सिंग’ शाबूत आहे. फ्रूनेही सुरुवातीच्या काळात पानं जुळवण्यासाठी कथा कापल्या. १९८७ नंतर जिम शेफर्ड यांच्या हाती कंपनी आली, तेव्हा जुन्या कथा न कापता मूळ रूपात छापायचा त्यांनी आग्रह धरला. त्याबद्दल या देशाच्या वाचकांनी त्यांचं ऋण मानायला हवं. सकाळच्या ताई याच अंकांवर वाढलेल्या. त्या म्हणाल्या, ‘तुमचा वेताळ धुऊन-पुसून आलेला आहे.’ त्या खरं बोलल्या. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘पण माझं बालपण खोटं नव्हतं.’ तेही खरं आहे. म्हणून तर ते भांडण मोलाचं.

कादंबऱ्यांची गोष्ट तशीच. १९७२ ते १९७५ या काळात अमेरिकेतल्या एव्हॉन प्रकाशनाने फॅंटमच्या पंधरा कादंबऱ्या काढल्या. काही फॉकने स्वतः लिहिल्या, काही रॉन गूलार्टने टोपणनावाने, दोन बेसिल कॉपरने. एवढे हात लागल्यावर पात्र एकसारखं कसं राहील? पहिल्या कादंबरीत फॉकने वेताळाचं बालपण लिहिलं, मिसूरीतल्या क्लार्क्सव्हिल गावात शिकायला पाठवलेला छोटा वेताळ, म्हणजे किट, दाखवला. काही चाहत्यांना मुखवट्याआडचा तो मुलगा हवा असतो, काहींना मुखवट्याआड कुणीच नको असतं. आमच्या तिसऱ्या मित्राने याच पुस्तकाचे दाखले देऊन वाद घातला. पानावर बोट ठेवून भांडणारा वाचक मला शंभर टाळ्यांपेक्षा प्रिय आहे.

१९९६ साली चित्रपट आला. दिग्दर्शक सायमन विन्सर ऑस्ट्रेलियाचे, चित्रीकरणाचा काही भाग क्वीन्सलंडमध्ये झाला, आणि चित्रपटावर बेतलेली कादंबरी रॉब मॅकग्रेगर यांनी लिहिली. चित्रपटात चाच्यांचं काय झालं? ‘सिंग’चं ‘सेंग’ झालं. मुंबईत तीस वर्षांपूर्वी जो तोडगा निघाला होता तोच हॉलिवूडमध्ये निघाला. मूळ रचनेला हात लावायचा नाही, नाव तेवढं पुसायचं, म्हणजे तक्रार करायला कुणी उरत नाही.

याला सभ्यता म्हणू नका. ही वाचकाची वाचा बंद करण्याची रीत आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात ती चांगली मुरलेली आहे.

गेल्या वर्षाच्या नव्हे, सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण मी ज्या प्रकारच्या खुर्चीतून बोलतोय ती खुर्ची तेव्हा रिकामी राहिली होती. २००९ साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनासाठी आनंद यादव अध्यक्ष म्हणून निवडून आले. ‘झोंबी’ लिहिणारा, मातीतून आलेला लेखक. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तरुणपणीच्या तुकारामांच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. तुकाराम त्यांच्या नित्याच्या श्वासात आहेत, माझ्याहून कितीतरी अधिक. त्यांनी कादंबरीतलं पान न् पान गाथेपुढे ठेवून फाडायला हवं होतं, आणि यादवांनी त्याच मांडवात उभं राहून उत्तर द्यायला हवं होतं. मराठीत त्याहून मोठं अध्यक्षीय भाषण झालं नसतं. घडलं काय? लेखकाने माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, यादवांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. त्या कादंबरीतला तुकाराम चुकीचा होता की बरोबर, हे ठरवायची संधी त्या दिवशी वारकऱ्यांनीही गमावली आणि वाचकांनीही.

आता अलीकडचं. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्याआधी जानेवारीत ट्रेलर दिसला, त्यात संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना होते. विरोध झाला, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला. आपण इथे तिकीट काढून बसलो तेव्हा ज्यावरून एवढा गदारोळ झाला ते दृश्यच नव्हतं. ते वाईट होतं का? मला वाटतं, ट्रेलरमध्ये तरी ते उथळ वाटत होतं. पण पूर्ण पाहून तसं म्हणायचा माझा हक्क कुणी घेतला? पुढे गणोजी आणि कान्होजींच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शकाने माफी मागितली आणि सांगितलं की आम्ही चित्रपटात आडनाव घेतलेलंच नाही. ऐकलंत? सिंगचं सिंगा, शिर्क्यांचं नुसतं गणोजी. कृती तीच. ज्या घराण्याला वाटतं की इतिहासाने आपल्यावर अन्याय केला, त्याला कागदपत्रं, बखरी, पुरावे यांच्यासह मांडणी करू द्यायला हवी. आडनाव गाळून त्यांना ना न्याय मिळाला, ना प्रेक्षकाला सत्य.

याउलट २०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला तेव्हा काय झालं ते आठवा. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फाफे फुरसुंगीचा, विद्याभवनातला शाळकरी पोरगा. चित्रपटात अमेय वाघचा फाफे मोठा झालेला, प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागलेला. पुष्कळ वाचक चिडले, ‘सायकलवरचा आमचा फाफे कुठे?’ म्हणाले. पुष्कळांना आवडला. दृश्य कापलं गेलं नाही, माफी मागितली गेली नाही. वादात कित्येकांनी जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. माझं मत विचाराल तर मला तो चित्रपट आवडला आणि शाळकरी फाफे गमावल्याचं दुःखही झालं.

इथले काही पालक मला विचारतील, की आमच्या मुलाच्या वर्गात सिंग आडनावाचा मुलगा आहे, त्याच्या हातात असं कॉमिक द्यायचं? शाळेच्या मैदानात काय होतं ते आम्हाला माहीत आहे. प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात एकटं देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाशेजारी बसा, अंक उघडा, आणि सांगा की हे १९३६ साली एका तरुण अमेरिकनाने लिहिलं, त्याने आपला देश असा कल्पिला होता. प्रकाशकाने सुरुवातीला दोन पानांची प्रस्तावना घालावी, कडक घालावी. २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या मुलांच्या पुस्तकांतले ‘जाड’सारखे शब्द प्रकाशकाने बदलले तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की मूळ आवृत्त्याही विक्रीत ठेवू असं त्याला जाहीर करावं लागलं. तो आरडाओरडा वाचकांनी केला. आपणही करायला शिकावं.

आणि पात्र खऱ्या अर्थाने एखाद्याचं कसं होतं, ते पाहायचं असेल तर उत्तरेला पापुआ न्यू गिनीकडे बघा. तिथल्या डोंगराळ भागातल्या योद्ध्यांनी आपल्या ढालींवर फॅंटम रंगवला.  न मरणारा माणूस एवढं त्यांनी त्यातून उचललं, गोऱ्याचा मालकी हक्क टाकून दिला आणि लढाईला घेऊन गेले. हे चित्रण फॉकला पटलं असतं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आपल्यालाही पडू नये.

चाहत्यांचा आणखी एक वाद सध्या रंगलाय. वेताळाला जुळी मुलं, किट आणि हेलॉइज. बाविसावा वेताळ मुलगी का होऊ नये? ‘परंपरेत बसत नाही’ म्हणणाऱ्यांना मी सकाळी ऐकलं. परंपरा वाचा. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली हिने भाऊ लढू शकत नव्हता तेव्हा मुखवटा घातलाय. १९३६ च्या पहिल्या कथेत नायिका डायना पामर प्रथम दिसते तीच मुष्टियुद्ध खेळताना. मी हेलॉइजच्या बाजूने आहे, उघड आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी त्याच पानांतून मला खोडून काढावं.

पुढच्या मेळाव्यासाठी मी अध्यक्षाच्या अधिकारात एक सत्र राखून ठेवतोय. टेबलावर इंद्रजालचे जुने मराठी अंक आणि फ्रूचे अंक शेजारी शेजारी असतील, ‘छावा’ आणि ‘युगान्त’ असतील. ‘संतसूर्य तुकाराम’ची जुनी प्रत कुणाकडे असेल तर तीही आणावी. ज्याची कुठल्याही पात्राच्या चित्रणाबद्दल हरकत असेल त्याला बोलायला पहिली संधी मिळेल, वेळेचं बंधन असणार नाही, फक्त पुस्तक वाचलेलं असावं. सिडनीतल्या शीख वाचकांनाही निमंत्रण जाईल. नावनोंदणी दाराजवळच्या टेबलावर आजच सुरू आहे.