याद्यांबाहेरचे मृत

मे १९८० मध्ये पेरू देशातल्या चुस्ची गावी मतपेट्या जाळल्या गेल्या आणि 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेचं बंड सुरू झालं. पुढच्या वीस वर्षांत माणसं किती मेली? बरीच वर्षं सांगितलं जाई, पंचवीसेक हजार.

२००१ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने गावोगाव साक्षी नोंदवल्या. त्यांच्याकडेच सुमारे २४ हजार बळी नोंदले गेले. मग संख्याशास्त्रज्ञांनी ही यादी इतर संस्थांच्या याद्यांशी ताडली. तीच नावं सगळीकडे आली, तर सुटलेले थोडे. दर यादीत निराळीच निघाली, तर सुटलेले पुष्कळ. २००३ मध्ये अंदाज आला ६९,२८०.

नोंदलेल्या बळींत चारांतले तीन क्वेचुआसारख्या देशी भाषा बोलणारे होते. राजधानी लिमाला इतके मृत्यू जाणवलेच नाहीत, ते का, हे यातून कळतं. आणि मला तरी आकड्यापेक्षा हेच जास्त बोचतं.

अंदाज शेवटी अंदाजच. २०१९ मध्ये एका अर्थतज्ज्ञाने तो ४८ हजारांवर आणला, मूळ गणित मांडणाऱ्यांनी त्याला उत्तर दिलं, आणि वाद काही मिटला नाही.