बाळाच्या वजनाचे दप्तर

मधुमेह आणि हृदयविकार ही उतारवयाची दुखणी, अशी आपली समजूत असते. परंतु त्यांची मुळे गर्भावस्थेपर्यंत पोहोचतात याचा मोठा पुरावा एका इंग्रज परगण्याच्या जुन्या दप्तरात सापडला. हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली अर्भकांचे जन्मवेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन चोपड्यांत टिपले जात असे. संशोधक डेव्हिड बार्कर यांनी त्या चोपड्यांची मृत्यूच्या दाखल्यांशी रुजवात घातली, तेव्हा वर्षाच्या वयात वजनाने उणे भरलेले मुलगे पुढे हृदयविकाराला अधिक बळी पडल्याचे १९८९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे हे सूत्र पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाती घेतले आणि १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या नोंदी, गर्भधारणेच्याही आधीपासून, ठेवविल्या. तेथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्रज बाळे साडेतीनची; आपल्या बाळांचे स्नायू तोकडे, पोटातले अवयव लहान, पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली तेव्हा तेथली चरबी मात्र फारशी उणी नव्हती. हडकुळ्या मुलाच्या अंगी असा मेद असतो, हे कोणत्या आजीच्या अनुभवी नजरेलाही दिसले नसते! पुढे असेही आढळले की, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षीच इन्शुलिनला पुरेशी दाद देईनाशी झाली होती.

अशी सांधलेली दप्तरे आपल्या सोलापुरात का नाहीत, हे समजण्यासाठी आता शहरातल्या जुळे सोलापूर या वस्तीकडे पाहू. शहराच्या पूर्व भागातून इकडे बिऱ्हाड हलविलेल्या कुटुंबातील मुलाची जन्मनोंद महानगरपालिकेत, वजनाचा ठिपका अंगणवाडीताईंच्या तक्त्यावर, शाळेतील आरोग्यतपासणी तिसऱ्याच पत्रकात आणि दम्याचा केसपेपर रुग्णालयात. एका कागदावर घरचे नाव, दुसऱ्यावर पाळण्यातले, तिसऱ्यावर आडनावाचे शुद्धलेखन निराळे, आणि मग एका मुलाची दप्तरी चार मुले होतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते. म्हणजे मोजमापाची वाण नाही, सांधणारा धागा तेवढा हवा. जन्मनोंदीचा क्रमांक अंगणवाडीच्या नोंदवहीत, शाळेच्या पत्रकात आणि केसपेपरवर उतरविण्याचा परिपाठ आपल्या शहरात पडावा, संशोधकांच्या हाती दप्तर देताना नावनिशी झाकलेली असावी, आणि मातांनी बाळाचे कार्ड लसी संपल्या म्हणून रद्दीत घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.