बिघाडाचा शोध

(नभोवाणीवरील भाषण)

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कापूरहोळ नांवाचें गांव लागतें. येथून एक रस्ता भोरकडे जातो आणि दुसरा नारायणपुरावरून सासवडला. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊचें हें गांव म्हणून इतिहासाच्या वाचकांना तें परिचित आहे. इतरांना तें देवदर्शनाला जातांना गाडी वळवण्याचें ठिकाण म्हणून ठाऊक असतें. माझा या गांवाशीं संबंध आला तो मात्र निराळ्या कारणानें. तेथल्या परिसरांतील एका कारखान्यांत बॅटरी भरणारा चार्जर बंद पडला होता, आणि तो पाहण्यासाठीं मला बोलावणें आलें. त्या एका दिवसांत जें दिसलें तें कारखानदारांप्रमाणेंच आपल्या घरांतही उपयोगी पडण्यासारखें आहे, असें वाटल्यावरून आज तें आपणांस सांगत आहे.

कारखान्याला वीज बाहेरून मिळते. मग त्याला बॅटरी कशाला, असा प्रश्न आपणांपैकीं कोणाच्या मनांत येईल. मोठ्या कारखान्यांत उच्च दाबाची वीज येते आणि तिच्या वाटेवर सर्किट ब्रेकर नांवाचा एक भक्कम स्विच असतो. आंत कोठें केबल जळाली, तारांचा परस्परांशीं स्पर्श झाला, तर रिले नांवाचें उपकरण तें तत्काळ ओळखतें आणि ब्रेकरला उघडण्याची आज्ञा देतें. ही आज्ञा पार पाडण्यास लागणारी शक्ति कोठून आणावयाची? बाहेरच्या विजेवर विसंबून चालत नाहीं, कारण नेमक्या त्याच क्षणीं तिचा दाब कोसळलेला असतो. आग विझवण्याचें पाणी जळत्या घरांतच साठवून ठेवण्यासारखें तें होईल. म्हणून ब्रेकरसाठीं स्वतंत्र बॅटरी ठेवतात. मी पाहिली ती ११० व्होल्टची होती. म्हणजे दोन दोन व्होल्टचे ५५ घट एकापुढें एक जोडलेले. वर्षाचे तीनशें चौसष्ट दिवस तिला फारसें कांहीं काम नसतें. पण उरलेल्या एका दिवशीं, पापणी लवण्याच्या आंत, तिनें आपलें काम केलें नाहीं, तर केबलबरोबर ट्रान्सफॉर्मरही जळतो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें.

भोरजवळचें भाटघरचें धरण आपण पाहिलें असेल. पावसाळ्यांत भरून घ्यावें आणि उन्हाळ्यांत कालव्यांना द्यावें हा त्याचा क्रम. बॅटरी हेंही एक धरणच होय. फरक इतकाच, कीं तिला अहोरात्र थोडें थोडें भरत राहावें लागतें. कारण नुसती ठेवली तरी ती आपोआप झिजते. शिसें आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ मध्यें सिद्ध केली. तिच्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण तिचा मूळ स्वभाव तोच राहिला. उपाशी ठेवली तर तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो. अति भरली तर पाणी उकळल्यासारखें बुडबुडे येऊन आटतें. हें मोजकें भरण्याचें काम चार्जर करतो. त्याच्या पोटांतील ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो. मग डायोड आणि थायरिस्टर या झडपा मागेंपुढें धांवणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेनें जाऊं देतात. पूर्वीं हें काम पाऱ्याच्या वाफेच्या मोठाल्या नळ्या करीत. १९५७ मध्यें थायरिस्टर तयार झाला आणि तेंच काम हाताच्या मुठींत मावूं लागलें.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. दिवस वैशाखाचे होते. तीन रात्रींपूर्वीं वळवाचा पाऊस झाला होता. विजा कडाडल्या, पुरवठा दोन वेळां गेला आणि आला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कोणाच्या तरी लक्षांत आलें, कीं चार्जरवरचा दिवा विझलेला आहे. प्रथम त्यांनीं आंतील नियंत्रणाचें कार्ड बदललें. उपयोग झाला नाहीं. मग एक फ्यूज वितळलेला दिसला, तो बदलला. तो लावतांक्षणींच पुन्हां वितळला. दुसरा लावला, त्याचीही तीच गत. एकानें तर फ्यूजच्या जागीं जाड तार घालावी अशी सूचना केली होती. सुदैवानें ती कोणीं मानली नाहीं. फ्यूज वितळणें हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. ताप दिसूं नये म्हणून तापमापक फोडण्यांत शहाणपण नसतें.

मीं पोंचल्यावर प्रथम यंत्राला हात लावला नाहीं, माणसांना विचारलें. एक वयस्क वायरमन पुढें आले. सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "साहेब, चार्जर बंद असला म्हणून एवढी घाई कशाला? बॅटरी ठणठणीत आहे. पाटीवर एकशेदहा लिहिलंय, आणि काटाही बरोबर एकशेदहावर आहे."

मामांचें बोलणें वरवर पाहतां अगदीं सयुक्तिक होतें. पण खरा धोका तेथेंच लपलेला होता. मीं म्हटलें, "मामा, पाटीवरचा आंकडा हें बॅटरीचें नांव आहे, तिची नाडी नव्हे. चार्जर चालू असतांना प्रत्येक घटावर दोन पूर्णांक दोन दशांश व्होल्ट हवेत; पंचावन्न घटांचे मिळून १२१ होतात. रोजचें रजिस्टर असेल तर दाखवा."

रजिस्टर होतें, आणि नीट लिहिलेलें होतें. प्रत्येक पाळीच्या माणसानें आंकडा टिपून सही केली होती. कित्येक पानें १२१, १२१, १२१ अशीं चाललेलीं. वळवाच्या रात्रीनंतरची पहिली नोंद ११२, पुढें १११ आणि शेवटीं ११०. बिघाड कोणत्या रात्रीं झाला हें त्या वहीनें तीन दिवस आधींच सांगितलें होतें. तें लिहिलें जात होतें, पण वाचलें जात नव्हतें. धोक्याची घंटा कां वाजली नाहीं, असें विचारतां कळलें, कीं वीज गेली कीं ती प्रत्येक वेळीं किंचाळते, म्हणून कोणीं तरी तिचा स्विच बंद करून ठेवला होता.

मामांनीं वही पुन्हां एकदां पाहिली आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "यांतली एक सही माझीच आहे, साहेब." त्यानंतर दिवसभर ते माझ्या शेजारून हलले नाहींत.

पुढचा प्रश्न वेळेचा होता. बॅटरीची क्षमता २०० अँपिअर-तासांची. दिवे आणि रिले मिळून तिच्यावर सुमारें एक अँपिअरचा भार. म्हणजे तीन दिवसांत ७२ अँपिअर-तास खर्च झालेले. घटांतील अम्लाची घनता मोजली. पूर्ण भरलेल्या स्थितींत ती १.२०० असावयाची, ती १.१६० भरली. दोन्ही हिशेब जुळले. त्रैराशिकानें अजून पांच दिवस निघाले असते. पण पंचावन्नांपैकीं जो घट सर्वांत दुबळा, त्याच्या बळावर सर्वांचें बळ ठरतें, म्हणून अशा त्रैराशिकावर माणसांचे जीव टांगूं नयेत. व्यवस्थापकांना त्या आठवड्यांत माल रवाना करावयाचा होता आणि कारखाना बंद ठेवणें त्यांच्या जिवावर आलें होतें. अखेर असें ठरलें, कीं काम चालू ठेवावें, दर तासाला काटा वाचावा, आणि तो १०५ च्या खालीं उतरला किंवा संध्याकाळपर्यंत चार्जर उभा राहिला नाहीं, तर उच्च दाबाची वीज स्वतः होऊन बंद करावी. तें त्यांनीं कागदावर लिहून दिलें.

मग शोधास आरंभ केला. बिघाड शोधण्याची रीत वाट चुकलेल्या पाण्याचा माग काढण्यासारखी असते: उगमापासून निघावें आणि कोठपर्यंत पाणी येतें तें पाहत जावें. चार्जर बॅटरीपासून तोडून वेगळा केला, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्यावर येत नाहीं. वीज येते त्या टोकाला तिन्ही फेजांमध्यें ४१५ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला; म्हणजे पुरवठा निर्दोष. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूस तिन्ही दाब समान; म्हणजे तोही निर्दोष. येथून पुढें मात्र एका फेजचा फ्यूज गेलेला. दोष त्या फ्यूजच्या पलीकडे आहे हें आतां निश्चित झालें, आणि नियंत्रणाचें कार्ड बदलणें कां व्यर्थ गेलें तेंही उमगलें.

पुरवठा बंद केला, स्विचला कुलूप घातलें आणि किल्ली मामांच्या खिशांत ठेवली. तरीही लगेच आंत हात घातला नाहीं. चार्जरमधील कपॅसिटर वीज गेल्यावरही भरलेले राहतात; दिव्याच्या भारावर ते रिते करून, मीटरवर शून्य पाहूनच पुढें जावयाचें असतें. मग एकेक झडप तपासली. निरोगी डायोड एका दिशेनें वाट देतो आणि उलट दिशेनें अडवतो. पांच झडपा जशा असाव्यात तशा होत्या. सहाव्या जागेचा डायोड दोन्ही दिशांनीं मोकळा होता. दार मोडून पडलें होतें. म्हणूनच नवा फ्यूज लागतांच प्रवाह बेफाम होऊन त्याला वितळवीत होता.

येथें पुष्कळ लोक थांबतात. डायोड बदलला, चार्जर चालू झाला, संपलें! परंतु डायोड कां मेला, हें विचारल्यावांचून दुरुस्ती पुरी होत नाहीं. फेजांच्या दोन तारांमध्यें व्हॅरिस्टर नांवाची बताशासारखी एक चकती बसवलेली असते. विजेचा आकस्मिक लोट आला तर तो आपल्या अंगावर घ्यावयाचा, हें तिचें काम. तिन्ही चकत्या पाहिल्या. दोन शाबूत होत्या. तिसरी फुटून काळी पडली होती, आणि तिच्या जळक्या कडेवर धुळीचा जुना थर बसलेला होता. म्हणजे ती वळवाच्या त्या रात्रीं जळालेली नव्हती. मागें केव्हां तरी एक लोट झेलून ती खर्ची पडली, तिच्या जागीं दुसरी आली नाहीं, आणि पुढच्या लोटाला अडवण्यास कोणीच उरलें नाहीं. नुसता डायोड बदलून मी परत आलों असतों, तर पुढच्या गडगडाटांत तोही गेला असता.

पुण्याहून त्याच मापाचा डायोड, चकती आणि फ्यूज येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. तोंवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंख्यांमधली हमरस्त्याची धूळ काढली, सैल नट आंवळले. नवा डायोड बसवल्यावर चार्जर थेट बॅटरीला जोडला नाहीं; आधीं दिव्यांच्या भारावर चालवून पाहिला. फ्यूज टिकला. मग बॅटरीला जोडून दाब १२१ वर बांधला. तीन दिवसांची भूक भागवण्यासाठीं कांहीं तास अधिक दाबानें भरणें आवश्यक होतें. अशा भरतींत घटांतून हायड्रोजन निघतो. हवेंत तो चार टक्क्यांपर्यंत पोंचला तर एक ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून खोलीचीं दारें उघडून पंखा लावला, आणि मगच ती भरती सुरू केली.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशीं सकाळीं, पाळी बदलतांना घेतली. चार्जरचा पुरवठा मुद्दाम बंद केला. घंटा वाजली; तिच्या स्विचवर आतां पत्र्याचें झांकण होतें. मग केवळ बॅटरीच्या बळावर ब्रेकरला उघडण्याची आज्ञा दिली. खाडकन आवाज होऊन तो उघडला. मामांनीं रजिस्टरांत १२१ हा आंकडा लिहिला, आणि पानाच्या माथ्यावर तांबड्या शाईनें एक ओळ जोडली: "११८ च्या खालीं दिसल्यास लगेच सांगावें." माझ्या मतें त्या साऱ्या दुरुस्तींत हीच दुरुस्ती सर्वांत मोलाची होती.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं इन्व्हर्टर असतो. त्याची नेहमींची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे सहा घटांची. मीटरवर बारा दिसले कीं आपणही मामांप्रमाणें निश्चिंत होतों. परंतु पूर्ण भरून कांहीं तास विसावलेली बॅटरी साडेबाराच्या आसपास दिसावी, आणि भरती चालू असतांना साडेतेराच्या वर. विसावल्यावर नेमके बारा दिसत असतील, तर तिचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक सांठा संपलेला आहे असें समजावें. अशा वेळीं बॅटरीलाच दोष देऊन नवी आणण्यापूर्वीं, चार्जर तिला भरतो आहे कीं नाहीं, हें जाणकाराकडून पाहून घ्यावें. घटांत ऊर्ध्वपातित पाण्याखेरीज कांहीं घालूं नये; अम्ल तर कधींच नाहीं. बॅटरीजवळ निरांजन अथवा उदबत्ती ठेवूं नये. तिच्यावर काम करणाऱ्यानें अंगठी आणि बांगड्या आधीं उतरवाव्यात. आणि महिन्यांतून एकदां तारीख घालून आंकडा वहींत टिपावा. टिपल्यावर मागच्या महिन्याचा आंकडाही वाचावा.

यंत्रें एकाएकीं बिघडतात असें आपण म्हणतों. पुष्कळदां तीं आधीं सांगत असतात. कधीं दिवा विझवून, कधीं घंटा वाजवून, कधीं वहींतल्या एका आंकड्यानें. कापूरहोळच्या त्या खोलींत तिन्ही खुणा होत्या. त्या वेळेवर वाचल्या असत्या, तर मला तेथें जाण्याचें कारणच पडलें नसतें.